टपावरची काच आणि मागची सीट

पूर्वी सोयरीक जुळवायला बसले की विहिरीला पाणी किती, दावणीला बैल किती, हे विचारीत. पुढं ट्रॅक्टर आहे का, असं विचारू लागले. आता दारात मोठी गाडी उभी असली तरी भागत नाही. पाहुणा गाडीभोवती एक चक्कर मारतो, टाचा उंचावून टपाकडं बघतो आणि विचारतो, "सनरूफ हाय का?" गाडीच्या टपाला काच असावी की नसावी, हा प्रश्न शहरातल्या हौशी माणसांपुरता राहिलेला नाही. तो आपल्या ओसरीवर येऊन बसला आहे. म्हणून म्हटलं, त्याविषयी चार शब्द लिहावेत. घरचा हिशेब गेली तीस वर्षं माझ्या वहीत आहे आणि प्रवासात मागच्या सीटवरही मीच असते. या विषयात दोन्हींचा उपयोग होतो.

ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी आधी सांगते. सनरूफ म्हणजे टपाला पाडलेली काचेची खिडकी. बटण दाबलं की काच मागं सरकते, नाहीतर तिची मागची कड थोडी वर उचलली जाते. लहान सनरूफ पुढच्या दोघांच्या डोक्यावर असते. मोठ्या गाड्यांना पुढच्या सीटपासून मधल्या रांगेच्या डोक्यापर्यंत जाणारी लांबलचक काच येते. तिला पॅनोरामिक म्हणतात. दिसायला ती अख्खी, पण उघडते बहुधा पुढची निम्मीच. मागची निम्मी कायमची बसवलेली असते. २०१९ साली आलेल्या एमजी हेक्टरनंतर आपल्याकडं अशा काचेचा गाजावाजा वाढला. २०२१ साली महिंद्राची एक्सयूव्ही ७००, टाटाची नवी सफारी, ह्युंदाईची अल्काझार अशा मोठ्या गाड्या आल्या, त्यांच्या वरच्या मॉडेलांना ती मिळाली. २०२३ च्या ह्युंदाई एक्स्टरसारख्या छोट्या गाडीलाही लहान सनरूफ आली. उलट बोलेरो, अर्टिगा, इनोव्हा क्रिस्टा या गाड्या पक्क्या पत्र्याच्या टपाच्या. पण खेड्यापाड्यातली लग्नं, बाळंतपणं, दवाखाने आणि देवदर्शनं वर्षानुवर्षं त्यांनीच ओढली.

छपराला भोक पाडायचं, ही काही आपल्याला नवी गोष्ट नाही. माळवदाच्या घरात ज्यांचं बालपण गेलं त्यांना साणं आठवत असेल. जाड भिंतींच्या, बिनखिडक्यांच्या अंधाऱ्या खोलीत वरून उजेडाचा एक खांब उतरायचा आणि चुलीचा धूर त्याच वाटेनं बाहेर जायचा. पण त्या साण्याला कडेनं उंच काठ बांधलेला असे. पावसाचा थेंब पडला की त्यावर फरशी किंवा पत्रा सरकवायला घरातलं कोणीतरी माळवदावर धावे. मिरगाच्या आधी माळवदाला पांढरी माती टाकताना साण्याचे काठ हातानं लिंपून घेत. कौलारू घरांत एखादं काचेचं कौल असे, ते चुलीच्या किंवा देवाच्या जागेवर. म्हणजे आपल्या वाडवडिलांनी छपराला भोक पाडलं ते तीन गोष्टी बघून. खाली अंधार आहे का, त्याखाली कोण बसणार, आणि त्याची राखण कोण करणार? गाडीच्या टपाकडं बघतानाही मला हेच तीन प्रश्न पुरेसे वाटतात.

पहिला प्रश्न अंधाराचा. मोटारीचं छप्पर उघडण्याची कला वाढली ती थंड मुलखात. जर्मनीत म्युनिक शहराजवळच्या श्टॉकडॉर्फ गावातली वेबास्टो ही या धंद्यातली जुनी कंपनी. विल्हेल्म बायर या मालकाचं नाव आणि गावाचं नाव यांची अक्षरं जोडून तिचं नाव झालं. १९३० च्या दशकात ती मोटारींची गुंडाळून उघडणारी छपरं करीत होती. अमेरिकेत नॅश कंपनीनं १९३७ साली सरकणाऱ्या छपराची गाडी विकायला काढली. म्युनिकला डिसेंबरात सूर्य आठ-साडेआठ तासांत मावळतो, तोही बहुधा ढगाआड. तिथं ऊन म्हणजे पाहुणा. पाहुण्याला दार उघडावं, यात नवल नाही. आमच्या सोलापूरकडं डिसेंबरातही अकरा तासांचा दिवस असतो आणि मे महिन्यात पारा बेचाळीस-त्रेचाळीसवर जातो. अकोला, नागपूर, चंद्रपूरकडची मंडळी तर पंचेचाळीसच्या वरचा उन्हाळा काढतात. आपल्याकडं ऊन हा घरजावई आहे. त्याला वेगळं बोलावणं लागत नाही.

आता घरची गोष्ट सांगते, कारण त्याशिवाय हा विषय माझ्या पदरात पडलाच नसता. आमची जुनी गाडी थकली. घरात माणसं नऊ. सासूबाईंना, म्हणजे आत्याबाईंना, दम्याचा त्रास. त्यांना महिन्यातून एकदा सोलापूरला डॉक्टरांकडं न्यावं लागतं. जायला सत्तर किलोमीटर, यायला सत्तर. तेव्हा सात माणसं बसतील अशी मोठी गाडी कर्ज काढून घ्यायची, हे ठरलं. गाडीचं नाव ठरलं, रंग ठरला आणि मग पुतण्यानं विषय काढला, "घ्यायचीच तर सनरूफची घेऊ."

पुतण्या उडाणटप्पू नाही. पंचवीस वर्षांचा आहे. ऊस आणि द्राक्षबाग दोन्ही तोच बघतो, पहाटे चारला पाण्याची पाळी धरतो. दोन वर्षं त्याच्यासाठी मुली बघणं चाललं आहे. मी म्हटलं, "कशाला रे ती काच? वर बघत गाडी चालवणार हायेस का?" तो थोडा वेळ गप्प बसला आणि म्हणाला, "मोठी आई, पोरगा शेती करतो म्हटलं की पलीकडून फोन ठेवत्यात. जमीन किती, ते सुदिक इचारत न्हाईत. निदान दारातली गाडी बघून तरी थांबतील."

या वाक्याला एकदम उत्तर सुचलं नाही. गावोगावी आपल्या कर्त्या पोरांच्या मनात हे बोचतं आहे, हे वाचकांना सांगायला नको. काचेचा हट्ट हा नुसता हट्ट नसतो, त्यामागं मान असतो. म्हणून मी त्याला 'उधळ्या' म्हणून झिडकारलं नाही. म्हटलं, "दोन दिवस दे. वही घेऊन बसू."

वहीत पहिलं वाक्य असं लिहिलं की सनरूफ एकटी विकत मिळत नाही. ती वरच्या मॉडेलाबरोबर येते. शोरूममधला मुलगा सांगतो, "फक्त दीड लाखाचा फरक आहे." हा 'फक्त' फार महागात पडतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून मोठ्या गाड्यांवर जीएसटी ४० टक्के झाला. चार मीटरच्या आतल्या, लहान इंजिनाच्या गाड्यांवर तो १८ टक्के आहे. म्हणजे मोठ्या गाडीच्या त्या दीड लाखात ४२-४३ हजार नुसता कर. डिझेल गाडीची किंमत दहा ते वीस लाखांच्या मधे असेल, तर आपल्या राज्यात एकरकमी रस्ताकर १४ टक्के. दीड लाखावर तो २१ हजार रुपये आणखी. दीड लाख कर्जात धरले आणि व्याज ९ टक्के, मुदत पाच वर्षं, तर महिन्याला सुमारे ३,११४ रुपये हप्ता बसतो आणि एकूण फेड होते सुमारे १ लाख ८७ हजार. रस्ताकर मिळवला की आकडा दोन लाख आठ हजारांच्या घरात जातो. विम्याचा वाढीव हप्ता मी धरलाच नाही.

हा आकडा पुतण्याच्या भाषेत मांडला. २०२५-२६ च्या गळीत हंगामासाठी उसाचा रास्त आणि किफायतशीर दर १०.२५ टक्के उताऱ्याला टनाला ३,५५० रुपये ठरला. त्या दरानं दोन लाख आठ हजार म्हणजे साडेअठ्ठावन्न टन ऊस. एकरी चाळीस टन धरला तर जवळजवळ दीड एकर. खत, पाणी, मजुरी आणि तोडणी-वाहतूक वजा न करता, नुसती ढोबळ रक्कम. पुतण्यानं आकडा दोनदा तपासला. म्हणाला, "म्हंजे वड्याकडचा सगळा तुकडाच की." त्या तुकड्यात त्यानं स्वतः सऱ्या सोडल्या होत्या.

पण मी म्हटलं, नुसत्या पैशावर निकाल द्यायचा नाही. पैशावरच निकाल लावायचा तर माणसानं पैठणीही घेऊ नये. जी वस्तू रोज सुख देते तिला पैसे मोजावेत. तेव्हा दुसरा प्रश्न घेऊ, या काचेखाली बसणार कोण?

पुढं चालवणारा बसतो. त्याच्या शेजारी घरातला कर्ता पुरुष. त्यांच्या तोंडावर एसीचा वारा थेट येतो. मधल्या रांगेत आत्याबाई, सुना, मांडीवर नातवंडं. शेवटच्या रांगेत मुलं, मी आणि पिशव्या. पॅनोरामिक काचेचा मोठा तुकडा येतो तो मधल्या रांगेच्या डोक्यावर. भर दुपारी निरभ्र आभाळातून एक चौरस मीटर जागेवर सुमारे १००० वॅट इतकं ऊन पडतं. घरातली साधी इस्त्री साधारण तेवढ्याच वॅटची असते. ही काच चौरस मीटरच्या आसपास भरते. ती काळसर असते, आत कापडी पडदाही असतो, म्हणून सगळं ऊन आत येत नाही, हे खरं. पण अडवलेलं ऊन काचेतच मुरतं, काच तापते आणि खालच्या डोक्यावर धग सोडत राहते. पत्र्याच्या टपाला आतून जाड अस्तर असतं, ते धग बरीच धरून ठेवतं. एसी दोन्हींकडं आहेच, पण काचेखाली त्याला जास्त राबावं लागतं आणि मागच्या रांगेत गारवा पोचायला वेळ लागतो.

आणखी एक गोष्ट बघून घ्यावी. अर्टिगा, इनोव्हा क्रिस्टा अशा गाड्यांत मागच्यांसाठी एसीचे झरोके टपातच दिलेले असत. वारा सरळ तोंडावर येई. टपाची जागा काचेनं घेतली की अनेक गाड्यांत हे झरोके मधल्या डब्याच्या मागं किंवा दाराजवळच्या खांबात जातात. मग वारा गुडघ्यावर लागतो आणि ऊन डोक्यावर. काचेची चौकट, रूळ आणि मोटर यांना जागा लागते, त्यामुळं डोक्यावरची उंचीही एखाद-दोन बोटं कमी होते. फेटा किंवा टोपी घालणाऱ्यानं बसून बघावं.

म्हणून आम्ही गाडी बघायला गेलो ते आत्याबाईंना घेऊन, आणि मुद्दाम दुपारी एक वाजता. शोरूमच्या मुलाला म्हटलं, "गाडी बाहेर उन्हात काढ, एसी लाव आणि दहा मिनिटं आम्हाला मागं बसू दे." त्याला नवल वाटलं, पण बिचाऱ्यानं ऐकलं. आधी काचेच्या गाडीत बसलो, मग बिनकाचेच्या. आत्याबाई दोन्हींत बसल्या, पदरानं कपाळ पुसलं आणि म्हणाल्या, "वर बघायला मान कोन मोडंल? मला खिडकीतनं रान दिसतंय की. गार वारा तेवढा मागं येऊ द्या." पुतण्या बाजूलाच उभा होता. त्याला मी इतकंच म्हटलं, "उद्या तुझी बायको येईल, ती कुठल्या सीटवर बसंल, तेवढं सांग." तो हसला. नवी सून मागच्या रांगेत जाते, हे त्यालाही ठाऊक.

तिसरा प्रश्न राखणीचा, आणि शेतकऱ्याच्या घरी हाच सगळ्यांत मोठा. पुष्कळांना वाटतं, काच बंद केली की पाणी अडलं. तसं नसतं. काचेभोवतीचं रबर बरंचसं पाणी अडवतं, पण थोडं झिरपणार हे धरूनच चौकटीभोवती एक पन्हाळ दिलेली असते. पन्हाळीच्या कोपऱ्यांतून बारीक नळ्या निघतात आणि दारांजवळच्या खांबांच्या आतून पाणी खाली जमिनीवर सोडतात. शेताच्या चाऱ्यांसारखीच ही व्यवस्था. चारी साफ तर रान कोरडं. चारीत केरकचरा बसला की पाणी बांध फोडून भलतीकडं जातं. नळी तुंबली की पाणी टपाच्या अस्तरात, दिव्यात, पायाखालच्या सतरंजीत उतरतं. हल्लीच्या गाड्यांची निम्मी अक्कल विजेच्या तारांत असते आणि त्या तारा याच वाटांनी गेलेल्या असतात.

२०२३ च्या सुरुवातीला एकानं आपली नवी मोठी गाडी धबधब्याखाली उभी केली आणि टपातून आत धो धो पाणी आलं. ती चित्रफीत मोबाइलवर घरोघर फिरली. त्यावर कंपनीनं तशीच गाडी त्याच धबधब्याखाली नेऊन आतून कोरडी राहिलेली दाखवली. एकाच जातीच्या दोन गाड्या, एक भिजली, एक कोरडी राहिली. टपाला भोक असलं की असा फरक पडू शकतो, हे त्यातून घ्यावं.

आपल्या गाड्या उभ्या कुठं असतात? चिंचेखाली नाहीतर लिंबाखाली. चिंचेचं पान केवढं बारीक! नेमकं नळीच्या तोंडात बसणारं. त्यात उसाच्या हंगामातला फुफाटा. रुळांना ग्रीस असतं, त्यावर धूळ बसली की तिचा कानसेसारखा खरवडा होतो आणि काच अडते. ज्यांच्या गाडीला सनरूफ आहे त्यांनी एवढं करावं. महिन्यातून एकदा काच पूर्ण उघडून रूळ आणि पन्हाळ ओल्या फडक्यानं पुसावी. मिरगाच्या आधी पन्हाळीच्या कोपऱ्यात पेलाभर पाणी सावकाश ओतावं आणि ते गाडीखाली पडतं का, हे बघावं. चारही कोपरे तपासावेत. पाणी पडलं नाही तर तार खुपसू नये आणि गॅरेजातल्या हवेच्या जोराच्या फवाऱ्यानं फुंकूही नये. आतल्या आत नळी फाटते किंवा निसटते, मग दुखणं वाढतं. जाणत्या माणसाकडून साफ करून घ्यावं. रुळाला घरचं तेल घालू नये, माहितीपुस्तकात जे सांगितलं असेल तेच लावावं.

विम्याचंही समजून घ्या. काच फुटली तर विम्यात काचेला घसारा धरत नाहीत, पण रबर आणि प्लास्टिकच्या भागांना निम्मा घसारा धरतात. सनरूफच्या यंत्रणेत हे भाग बरेच असतात. शिवाय वापरानं झालेली झीज आणि यंत्रातला बिघाड साध्या विम्यात बसत नाही. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चची गारपीट आपल्यापैकी कोण विसरलं असेल? द्राक्षबागा झोपल्या, जनावरं दगावली. तशा गारांत पत्र्याला पोचे येतात, काच मात्र फुटू शकते. काच घेणारच असाल तर ती दोन थरांत मधे पापुद्रा घातलेली आहे का, हे विचारा. तशी काच तडकली तरी धरून राहते, साधी कडक काच खडीसाखरेसारखी खाली ओतते.

टपाचा आणखी एक उपयोग आपल्याला असतो, शहरवाल्याला कमी असतो. लग्नाचं रुखवत, पंढरपूर-तुळजापूरला जाताना वळकट्या, लेकीच्या घरी पाठवायचा धान्याचा कट्टा, हे सारं जातं कुठं? टपावर, कॅरिअरला बांधून. काचेवर ओझं टाकता येत नाही. ज्या गाडीला काच आहे तिच्या टपावर किती वजन चालतं आणि कॅरिअर बसतं का, हे पुस्तकात आधी वाचावं.

आता जे बोलायचं ते जरा कडक आहे, पण बोलायलाच हवं. वरातीत, सहलीत, निवडणुकीच्या मिरवणुकीत सनरूफमधून पोरं वर उभी केलेली दिसतात. आईबाप खाली बसून मोबाइलवर चित्र काढतात. गाडी ताशी चाळीसच्या वेगानं चालली आहे असं धरा. म्हणजे सेकंदाला अकरा मीटर. पुढं म्हैस आडवी आली आणि ब्रेक दाबला, तर गाडी थांबते पण वर उभं असलेलं लेकरू त्याच वेगानं पुढं जातं आणि पोटावर येते ती टपाची कड. बाभळीची फांदी, लोंबणारी विजेची तार, मांडवाची दोरी, संक्रांतीचा मांजा या सगळ्यांची उंची नेमकी तीच. नायलॉनच्या मांजावर राष्ट्रीय हरित लवादानं २०१७ साली देशभर बंदी घातली, तरी तो कापायचा राहिलेला नाही. मोटार वाहन कायद्याच्या १२३ व्या कलमानं गाडीच्या अंगाबाहेर माणूस नेणं मना आहे. २०१९ च्या दुरुस्तीनं आलेल्या १९४ ब कलमात चौदा वर्षांखालचं मूल पट्ट्याविना नेलं तर हजार रुपये दंड सांगितला आहे. हजार रुपये कोणीही भरील. लेकरू कोठून भरून आणणार?

मागच्या सीटचा पट्टा हा विषयही यातच येतो. ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात मोठे उद्योगपती सायरस मिस्त्री मागच्या सीटवर बसलेले असताना अपघातात गेले. त्यांनी पट्टा लावला नव्हता, असं पोलिसांनी सांगितलं. भारी गाडी होती. भारी गाडीला पट्ट्याचं काम करता येत नाही. म्हणून माझं म्हणणं, ज्या गाडीत मागच्या तिन्ही माणसांना नीट पट्टा आहे ती गाडी आधी बघा. ऑक्टोबर २०२३ पासून आपल्या देशात भारत एनकॅप नावाची धडकेची परीक्षा सुरू झाली. गाडीला ताशी ६४ किलोमीटरनं समोरून धडकवून, बाजूनं धडक देऊन तारे देतात. पाहुण्यानं सनरूफ विचारली तर आपण तारे सांगावेत.

काही जण म्हणतात, कंपनीची महाग पडते, शहरात पत्रा कापून स्वस्तात बसवून देतात. असं अजिबात करू नये. टपाचा पत्रा आणि त्याखालच्या आडव्या पट्ट्या हे गाडीचे आढे-वासे आहेत. आढं कापून साणं काढणारा गवंडी आपण दारात उभा करू का? कायद्याच्या ५२ व्या कलमाप्रमाणं गाडीची मूळ घडण बदलता येत नाही आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही ते स्पष्ट केलं. अपघात झाला तर विमा कंपनी आधी तेच बघेल.

इतकं लिहिल्यावर कोणी म्हणेल, बाईंना काच नकोच आहे. तसं नाही. काचेचे गुण आहेत. आतून काळ्या रंगाच्या मोठ्या गाडीत तिसऱ्या रांगेला कोंडल्यासारखं होतं, तिथं वरून उजेड आला तर बरं वाटतं. ज्याला गाडी लागते त्याचंही मन जरा मोकळं होतं. उन्हात उभी राहिलेली गाडी तापते तेव्हा काचेची मागची कड उचलली की वर साठलेली गरम हवा झपाट्यानं निघून जाते, जरी ते काम चारही खिडक्या दोन मिनिटं उघडूनही होतं. महाबळेश्वर, आंबोली, तोरणमाळकडच्या माणसांना हिवाळ्याच्या सकाळी कोवळं ऊन डोक्यावर घेता येतं. चांदण्या रात्री घाटातून येताना लेकरं मागं रेलून, पट्टा लावून, तारे बघतात, हेही सुख आहे. गाडी सावलीत, पक्क्या छपराखाली उभी राहते, पैसे रोकडे आहेत, आणि महिन्यातून एकदा फडकं मारणारं माणूस घरात आहे, अशा घरानं खुशाल घ्यावी. हौसेला मोल नसतं, पण हौस निभावणारा हात लागतो.

आमच्या घरी तिन्ही प्रश्नांची उत्तरं वेगळी आली. गाडीत अंधार नव्हता. काचेखाली बसणार होत्या दम्याच्या आत्याबाई. आणि राखण करायला, खरं सांगायचं तर, सुगीच्या दिवसांत कोणाला सवड नव्हती. आम्ही खालचं मॉडेल घेतलं. मागच्या रांगेला एसी आहे, पट्टे आहेत, टपाला कॅरिअर आहे. पुतण्यानंच शेवटी सही केली. मात्र एक गोष्ट त्यानं आपणहून केली. आमचं स्वयंपाकघर पत्र्याचं आणि अंधारं, दिवसाही दिवा लावावा लागे. त्यानं तालुक्याहून उजेड येणारा एक पारदर्शक पत्रा आणला आणि चुलीच्या वरचा जुना पत्रा काढून तिथं बसवला. फटीला डांबरपट्टी लावली. म्हणाला, "मोठी आई, सनरूफ घ्यायचीच म्हणत हुतो न्हवं? ही घे." खर्च काही हजारांत आटोपला. आता भाकरी थापताना पिठाचा रंग दिसतो.

त्याच्या लग्नाचं अजून ठरायचं आहे. मागच्या महिन्यात एक पाहुणे आले, त्यांनीही टपाकडं बघितलं. पण मुलीची आई सरळ स्वयंपाकघरात आली, वर बघितलं आणि विचारलं, "हे कोणी केलं?" मी सांगितलं. ती काही बोलली नाही, पण बराच वेळ तिथंच बसून राहिली.

वाचकहो, गाडी घ्यायला निघाल तेव्हा घरातल्या सगळ्यांत मागं बसणाऱ्या माणसाला बरोबर न्या. भर दुपारी न्या, दहा मिनिटं मागं बसवा आणि काय वाटलं ते विचारा. मग काच घ्या नाहीतर पत्रा घ्या, ती गाडी सगळ्या घराची होईल.